शिनाण्याचा जीनोम वाचायचा आणि क्रोमोसोम जुळवून बघायचे, तर सुरुवात कुठून

पणजीच्या बाजारात शिनाणे घेताना मी एकेक शिंपल्याला टिचकी मारून बघते, तोंड उघडं असेल तर मिटतो का नाही ते, आणि समोर बसणारी बाई आता ओळखीची झालीय, ती विचारते, "बाय, खावपाक व्हरता काय अभ्यासाक?" खायला असतील तर तिने घातलेला वाटा मी न बघता घेते. अभ्यासाला असतील तर मात्र टिचकी हवीच, कारण जीनोमच्या, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए वाचण्याच्या, कामात पुढे जे काय बिघडतं त्यातलं बरंचसं शिंपला पिशवीत पडतो तेव्हाच ठरलेलं असतं. एमएस्सीची मुलं सारखी विचारतात की समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्याचा जीनोम काढायचा आणि त्याचे क्रोमोसोम दुसऱ्या प्राण्यांशी ताडून बघायचे तर कसं करायचं, दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

पहिलं म्हणजे उलट्या टोकाने सुरू करा. सगळे आधी डीएनए काढायला धावतात, पैसे संपतात, आणि तुलना कशी करायची ते शेवटच्या महिन्यात शिकायला बसतात. त्यापेक्षा एनसीबीआय या अमेरिकेच्या खुल्या साठ्यावर फुकट पडलेले जीनोम घ्या आणि आधी तुलना करून बघा, तीन-चार आठवड्यांत हात बसतो आणि आपल्याला नक्की कुठला प्रश्न विचारायचाय ते कळतं. सामान भरपूर आहे. आपल्या शिनाण्याचा, म्हणजे पर्ना विरिडिसचा, क्रोमोसोमच्या पातळीवर जोडलेला जीनोम कोचीच्या सीएमएफआरआय या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ मध्ये काढला, साधारण ७२ कोटी अक्षरं (डीएनएची ए, टी, जी, सी) आणि १५ क्रोमोसोम (आई-बापांपैकी एकाच प्रतीचे, पुढचे आकडेही तसेच). पॅसिफिक कालवाचा जीनोम २०१२ पासून आहे, त्याचे क्रोमोसोम १०. जपानकडच्या स्कॅलप नावाच्या शिंपल्याचा २०१७ चा, त्याचे १९. जांभळ्या समुद्री साळूचा तर २००६ चा. आणि अँफिऑक्सस नावाचा वाळूत रुतून बसणारा बोटभर प्राणी आहे, आपल्या कण्याच्या प्राण्यांचा लांबचा नातलग, त्याचेही १९. स्कॅलप आणि अँफिऑक्सस ही जोडी उतरवून घ्याच, का ते खाली येईल.

नवीन प्राणी निवडायचा असेल तर तिसऱ्या घ्या, खुबे घ्या, काहीही घ्या, पण नाव टाकून आधी शोधा की कुणी केलाय का, आणि क्रोमोसोमची संख्या मायक्रोस्कोपखाली कुणी मोजलीय का. ही संख्या आधी माहीत असणं फार कामाचं आहे, नसेल तर स्वतः मोजा, जिवंत प्राण्याला कोल्चिसिन (पेशींचं विभाजन मध्येच थांबवणारं औषध) देऊन कल्ल्याच्या पेशी स्लाईडवर पसरवायच्या, जुनी पद्धत आहे पण हाच एक पुरावा कॉम्प्युटरच्या बाहेरचा असतो. माणकीच्या, म्हणजे माखूळच्या, वाटेला मात्र पहिल्याच फेरीत जाऊ नका. माणकी, ऑक्टोपस या मंडळींच्या पूर्वजांमध्ये क्रोमोसोमांची एवढी उलथापालथ झालीय की बाकीच्या मऊ अंगाच्या प्राण्यांशी सरळ जुळतच नाही, ऑक्टोपसचे ३०, अटलांटिकच्या एका माखूळचे ४६, आणि ऑक्टोपसचा जीनोम २७० कोटी अक्षरांच्या आसपास. नवख्याने त्यात हात घातला तर वर्ष जातं.

परवानगीचं एका दमात सांगते. प्रवाळ आणि समुद्री काकडी वन्यजीव कायद्याखाली येतात, हात लावायचा नाही, ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात आणि तुकडा मिळाला तरी नाही. चिखलीच्या खाडीतले ते पातळ शिंपले, जे आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी बसवलेले असतात, तेही संरक्षित. बाकीच्यांसाठी राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी विचारा, आणि नमुना किंवा डीएनए परदेशी लॅबला जाणार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय पार्सल बांधू नका. हे सगळं आधी, मागाहून नाही.

आता शिंपला. बाजारातला चालतो, पण कुठून आला ते कळत नाही, म्हणून शक्य असेल तर ओहोटीला ओडशेल किंवा दोनापावलच्या खडकांकडे जाऊन स्वतः आणा, जागा, तारीख, खारटपणा लिहून ठेवा. घरी किंवा लॅबमध्ये गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात एक-दोन दिवस उपाशी ठेवा, हवेचा पंप लावून. शिंपले पाणी गाळून खातात, त्यांच्या पोटात शेवाळ, बॅक्टेरिया, काय काय भरलेलं असतं आणि ते सगळं तुमच्या जीनोममध्ये येऊन बसतं. कापताना शिंपला मिटणारा तो पांढरा गोळा स्नायू असतो, तो घ्या, किंवा शिंपीला चिकटलेला पातळ पडदा घ्या. मधला काळपट-हिरवा भाग, म्हणजे पाचनग्रंथी, तिकडे सुरी पण नको. आणि एकच प्राणी, हे ठळक लिहून भिंतीवर लावा. दोन शिंपल्यांचं मांस एकत्र केलं की चार वेगवेगळ्या प्रती झाल्या, जोडणारं सॉफ्टवेअर वेडं होतं. शिंपला लहान असेल तर मोठा शोधा, पण दोन मिसळू नका. त्याच प्राण्याचे पाच-सहा तुकडे करून वेगवेगळ्या नळ्यांत भरा आणि लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका, एक लांब रीडसाठी (मशीनने सलग वाचलेला डीएनएचा तुकडा म्हणजे रीड), एक हाय-सीसाठी (ते काय ते खाली येईल), एक आरएनएसाठी, बाकीचे पुढच्या अपघातासाठी.

अपघात होतात हो. माझा पहिला नमुना ड्राय आईसमध्ये बांधून पाठवला होता, कुरियर शुक्रवारी उचलून गेला, मध्ये सुट्ट्या आल्या, पार्सल कुठल्यातरी गोदामात बसलं आणि मंगळवारी उघडलं तेव्हा आत बर्फ नव्हता आणि वास होता. तेव्हापासून मी सोमवारीच पाठवते आणि दोन नळ्या फ्रीझरमध्ये मागे ठेवल्याशिवाय काहीच पाठवत नाही.

डीएनए काढणं हा खरा डोकेदुखीचा भाग. मऊ अंगाच्या प्राण्यांत बुळबुळीत साखरेचे रेणू इतके असतात की डीएनएबरोबर तेही खाली बसतात, भेंडी चिरल्यावर तार येते ना, नळीत अगदी तसं दिसतं, आणि ती तार असलेला डीएनए मशीनमध्ये घातला की रीड येतच नाहीत. यावर सीटॅब नावाचं रसायन वापरायचं, ते ती बुळबुळ वेगळी काढतं. मांस नायट्रोजनमध्ये खलबत्त्याने कुटा, मग गरम बफरमध्ये, पण त्यानंतर नळीला व्होर्टेक्स (नळी जोरात हादरवणारं यंत्र) दाखवायचा पण नाही, पिपेटचं टोक रुंद तोंडाचं हवं, ढवळायचं तर नळी हळूच उलटी-सुलटी. आपल्याला दहा-वीस हजार अक्षरांचे सलग तुकडे वाचायचेत, म्हणजे हातात असलेला डीएनए त्याहून बराच लांब हवा, आणि एक जोराचा झटका पुरतो तोडायला. अल्कोहोल घातल्यावर पांढरी शेव तरंगायला लागली तर चांगलं लक्षण, काडीने उचलता येते. मग मोजायचं, आणि इथे बरेच फसतात. नॅनोड्रॉपने (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजणारं यंत्र) २६०/२८० हा शुद्धतेचा आकडा १.८ च्या आसपास दाखवला की लोक खूश, पण २६०/२३० बघा, तो २ च्या जवळ नसेल तर साखर अजून आहे. शिवाय क्युबिटने, जो फक्त डीएनएच मोजतो, परत मोजा, नॅनोड्रॉप शंभर म्हणतोय आणि क्युबिट तीस, तर उरलेलं डीएनए नाहीच, कचरा आहे, परत धुवा.

सिक्वेन्सिंग आपण स्वतः करत नाही, बाहेर देतो, पण काय मागायचं ते कळायला हवं. दोन गोष्टी मागा. एक, पॅकबायो कंपनीच्या मशीनवरचे हायफाय रीड, साधारण १५ ते २० हजार अक्षरं लांब आणि ९९.९ टक्क्यांच्या आसपास अचूक. किती, तर जीनोमच्या तीसपट धरा, शिनाण्यासाठी ७२ कोटी गुणिले ३० म्हणजे सुमारे २२ गिगाबेस (२,२०० कोटी अक्षरं). दुसरी गोष्ट हाय-सी. ही समजून घ्या, कारण क्रोमोसोम हाय-सीशिवाय होत नाहीत. पेशीच्या केंद्रात डीएनए कोंबून भरलेला असतो, त्याला फॉर्मल्डिहाइडने आहे तिथे चिकटवतात, मग एन्झाइमने कापतात आणि जी टोकं शेजारी-शेजारी आहेत ती एकमेकांना जोडतात, नंतर वाचतात. एकाच क्रोमोसोमवरचे भाग एकमेकांना जास्त वेळा भेटतात, आणि त्यातही जवळचे भाग लांबच्यांपेक्षा जास्त. कोण कुणाला किती वेळा भेटलं याची नोंद ठेवली की कुठला तुकडा कुठल्या क्रोमोसोमचा ते उलगडतं, वाड्यावर कोण कुणाच्या घरी किती जातं त्यावरून नाती कळतात तसंच.

डेटा आला की जोडायला घेण्याआधी के-मरचा आलेख काढा, जीनोमस्कोप या प्रोग्रॅममध्ये. रीडचे २१-२१ अक्षरांचे तुकडे करून कुठला किती वेळा आला ते मोजायचं, बस. माणसात आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रतींमध्ये हजार अक्षरांत एखादा फरक असतो, शिंपल्यांत शंभरात एक किंवा जास्त. त्यामुळे आलेखात दोन डोंगर दिसतात, तीसपट वाचलंय तर एक तीसवर आणि दुसरा पंधरावर, आणि पंधराचा डोंगर चांगला उंच असतो. घाबरू नका, ते चूक नाही. याच फरकामुळे २०१२ च्या कालवाच्या वेळी त्या लोकांनी मुद्दाम जवळच्या नात्यातलं पैदास केलेलं कालव घेतलं होतं आणि तरी लहान रीडने जमेना म्हणून डीएनएचे मोठे तुकडे वेगवेगळे गठ्ठे करून वाचले. आपलं नशीब चांगलं, हायफायएएसएम हे सॉफ्टवेअर दोन्ही प्रती वेगळ्या ठेवून जोडतं. तरी निकाल बघा. ७२ कोटीची अपेक्षा आहे आणि १३० कोटी आलं तर दोन्ही प्रती एकाच ठिकाणी घुसल्यात, जादा प्रत काढून टाकणारा पर्ज-डुप्स हा प्रोग्रॅम चालवा. बुस्को हा प्रोग्रॅम पण चालवा, सगळ्या प्राण्यांत सहसा एकेकच असणारी ठराविक जीन्स (ओडीबी१० या आवृत्तीच्या यादीत ९५४) तो शोधतो, सापडली किती यापेक्षा दुहेरी किती ते आधी बघायची मला सवय लागलीय.

कॉम्प्युटर कुठून आणायचा, हा प्रश्न येतोच. लॅपटॉपवर हे होत नाही, उगाच लावून ठेवू नका. कॉलेजात सर्व्हर नसेल तर गॅलक्सी युरोपवर खातं उघडा, ब्राउझरमधून चालणारा सर्व्हर आहे, फुकट आहे, हायफाय आणि हाय-सी जोडण्याचे तयार वर्कफ्लो तिथे ठेवलेत, क्लिक करत जायचं, रांग असते पण रांगेला पैसे पडत नाहीत. भेसळ पण इथेच काढा, प्रत्येक तुकड्यातलं जी आणि सी अक्षरांचं प्रमाण आणि तो किती वेळा वाचला गेला हे आलेखावर टाकलं की बॅक्टेरियाचे तुकडे वेगळा पुंजका करून बसलेले दिसतात. एक विचित्र गोष्ट सांगते, काही शिंपल्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी पाण्यातून एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात, म्हणजे तुमच्या शिंपल्याच्या अंगात दुसऱ्याच कुठल्या शिंपल्याचा डीएनए असू शकतो. क्वचितच, पण आलेख काहीही केल्या बसत नसेल तर हे आठवा.

मग याह्स या प्रोग्रॅमने हाय-सी लावून तुकडे क्रोमोसोमात ओवायचे आणि कोण कुणाला किती भेटलं त्याचा नकाशा ज्यूसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये उघडायचा. तिरप्या रेषेवर लाल चौकोन दिसतात, एक चौकोन एक क्रोमोसोम. शिनाण्यात १५ हवेत. या नकाशासमोर दोन दिवस बसा, खरंच बसा, चहा घेऊन. सॉफ्टवेअर चुका करतं आणि त्या डोळ्यांना दिसतात, चौकोनाच्या मध्ये रंग अचानक फिका झाला तर तिथे दोन वेगळ्या क्रोमोसोमांना उगीच शिवलंय, कोपऱ्यात लांब कुठेतरी गडद ठिपका दिसला तर तो तुकडा तिथला नाही, उचलून जागेवर ठेवा. टोकांना टीटीएजीजीजी ही अक्षरं शेकडो वेळा येताहेत का तेही बघा, शिंपल्यांच्या क्रोमोसोमांची टोकं त्यानेच संपतात. हीच अक्षरं क्रोमोसोमच्या मधोमध सापडली तर आधी संशय जोडणीवर घ्या. मी नव्हता घेतला. एका शिंपल्यात दोन जुनी क्रोमोसोम एक झाल्याचं मी भर सेमिनारमध्ये स्लाईडवर दाखवलं, टाळ्या पण पडल्या, आणि मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ मॅडमनी शांतपणे विचारलं की सांध्यापाशी हाय-सी बघितलंस का गं. बघितलं नव्हतं. रात्री उघडून बघितलं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

आता तुलना, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक प्राण्यासाठी दोन फायली लागतात, प्रोटीनची यादी आणि कुठलं जीन कुठल्या क्रोमोसोमवर कितव्या नंबरावर आहे ते. दोन प्राण्यांची प्रोटीन्स डायमंड या शोधणाऱ्या प्रोग्रॅमने एकमेकांवर शोधा आणि फक्त अशा जोड्या ठेवा ज्यात दोघंही एकमेकांना पहिल्या पसंतीचे आहेत. मग आडव्या अक्षावर एक प्राणी, उभ्यावर दुसरा, प्रत्येक जोडीचा एक ठिपका. अक्षावर अक्षरांचं अंतर नको, जीनचा क्रमांक घ्या, नाहीतर जिथे जीन्स विरळ आहेत तिथे पट्टे पडतात. स्कॅलप आणि अँफिऑक्ससचा असा आलेख पहिल्यांदा काढाल तेव्हा दोघांना वेगळं होऊन ५० कोटींहून जास्त वर्षं झालीत हे लक्षात ठेवून बघा. ठिपके सगळीकडे पसरत नाहीत, ठराविक चौकटींत भरतात. चौकटीच्या आत क्रम पार विस्कटलेला, पण चौकट सोडून फारसं कुणी बाहेर गेलेलं नाही. क्रोमोसोमच्या आत तुकडे उलटे होत राहतात म्हणून क्रम मोडतो, दुसऱ्या क्रोमोसोमवर उडी मात्र फार कमी जीन्स मारतात. अशा न फुटलेल्या जुन्या गटांची यादी २०२२ मध्ये सिमाकोव, रॉकसर आणि मंडळींनी २९ अशी काढली, तीच यादी घेऊन आपल्या प्राण्याची जीन्स गटवार रंगवा.

डोळ्याला चौकट दिसली म्हणून खरी असेलच असं नाही, तपासा. समजा जुळणाऱ्या १०,००० जोड्या आहेत, तुमच्या प्राण्याच्या तीन नंबरवर ८००, समोरच्याच्या सात नंबरवर ५००. नुसत्या योगायोगाने दोन्हीकडे सामायिक ४० पडतील. तिथे ३५० असतील तर नातं आहे, ५० असतील तर गप्प बसा. फिशरची चाचणी हेच नीट करून देते, फक्त शेकडो चौकटी तपासताय म्हणून त्याची दुरुस्ती लावायला विसरू नका.

वाचायचं कसं, तर तांदळावरून सांगते. एक पोतं लाल उकड्याचं, एक पांढऱ्या सुरयचं. दोन पोत्यांची तोंडं एकमेकांना शिवली तर एक लांब पोतं झालं, पण अर्ध्यात लाल, अर्ध्यात पांढरे, टाके उसवले की परत दोन. क्रोमोसोमवर दोन रंग असे शेजारी-शेजारी दिसले तर जोड झालीय, मिसळण झालेली नाही, बहुतेक वेळा ती अलीकडची. पण तेच पोतं वर्षानुवर्षं हलवत राहिलात तर लाल-पांढरं एक होतं, आणि मग कितीही हलवा, लाल एकीकडे आणि पांढरे एकीकडे आपोआप होणार नाहीत. दोन रंग पूर्ण कालवलेले दिसले तर ती गोष्ट मागे फिरत नाही, त्या पूर्वजाच्या सगळ्या वंशजांत तो शिक्का राहतो. याच एका मुद्द्यावर २०२३ मध्ये प्राण्यांच्या वंशवृक्षाचा जुना वाद बराच हलला. स्पंज आणि बाकीच्या प्राण्यांमध्ये काही गट असे कालवलेले सापडले, कंगव्यासारख्या पट्ट्यांच्या त्या कोंब जेलींत आणि प्राण्यांच्या एकपेशीय नातलगांत ते वेगळेच होते, म्हणजे त्या अभ्यासाप्रमाणे प्राण्यांच्या झाडावरून सगळ्यात आधी फांदी फुटली ती स्पंजाची नाही, कोंब जेलीची.

एकच खबरदारी. दोनच प्राणी समोर असतील तर एकात जोडलं गेलं की दुसऱ्यात फुटलं हे सांगता येत नाही. कालवाच्या एका क्रोमोसोमवर स्कॅलपच्या दोघांची जीन्स दिसली तरी लगेच लिहू नका, तिसरा बघा, अँफिऑक्ससमध्ये ते दोन गट वेगळे आहेत का. वेगळे असतील तर जोड कालवाच्या बाजूने झालीय. म्हणून मघाशी म्हटलं ना ती जोडी आधीच उतरवून ठेवा.

सगळं झालं की कच्चे रीड फरिदाबादच्या आयबीडीसी या सरकारी डेटा साठ्यात नाहीतर एनसीबीआयवर टाका, फक्त जोडलेला जीनोम टाकून पळू नका, पुढच्याला हाय-सी लागतो. आणि ज्या शिंपल्याचं मांस वापरलं त्याची शिंपी धुऊन, वाळवून, नंबर घालून ठेवा, उद्या कुणी म्हणालं की ही जात तीच कशावरून तर दाखवायला तेवढंच असतं. लाकडी कपाटात मात्र नको, लाकडातून आम्लाची वाफ येते आणि आपल्या पावसाळी दमट हवेत शिंपीवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ती बुरशी नसते, शिंपीच विरघळत असते. झाकणाची प्लास्टिकची डबी घ्या आणि आत सिलिकाची एक पुडी टाका.